भिंगरी आणि लाल ठिपका

मुलांनो, तळहात पसरा बरं. त्यावर कुणी एक जुनं भिंग ठेवलंय असं समजा. काळ्या धातूच्या नळीत बसवलेलं, दिसायला पेरूएवढं, पण असं वजनदार की हात आपोआप खाली जावा. भिंगरीचा हात अगदी तसाच खाली गेला.

"सांभाळ गं," आजोबा म्हणाले. "या घरात माझ्यापेक्षा तेच जास्त धडधाकट आहे."

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लागल्यासारखी सतत फिरते, म्हणून आजोबांनी ते ठेवलेलं. उद्या तिची आई नोकरीसाठी लांब जाणार होती, वर्षभराकरता. त्याआधी उशाशी ठेवायला आईचा एक फोटो भिंगरीला हवा होता. पण आईच्या नव्या कॅमेऱ्याने सकाळपासून छळ मांडला होता. आई खिडकीतल्या दगडी कट्ट्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि दर फोटोत आई धूसर, मागचे गज मात्र लख्ख!

"याला आईपेक्षा गजच आवडतात," भिंगरी फणफणली.

"त्याला डोकं आहे, ओळख नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी जुन्या भिंगावर टिचकी मारली. "या म्हातारबुवांना डोकं नाही. ते तू लावायचं."

मध्ये एक कडं घालून त्यांनी ते भिंग कॅमेऱ्याला जोडलं, नुसतं बोटांनी चाचपत. उभा जन्म फोटो काढण्यात गेलेला माणूस, पण नजर अधू झाल्यापासून त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला नव्हता.

"मग तुम्हीच काढा ना, आजोबा."

"मला आता तुझी आई म्हणजे निळा ढग दिसते. ढगाचा काय फोटो काढू? तू ये. दाराच्या चौकटीला पाठ टेकव, म्हणजे हात हलणार नाही. हं, आता कान पीळ."

"कुणाचा?"

"भिंगाचा! हे पुढचं कडं फिरव. हळू. मास्तरांसारखा नको, लाडाने पीळ."

भिंगरीने कडं फिरवलं. गज लख्ख झाले. उलटं फिरवलं, तर अलीकडची खुर्ची. जीभ दातांत धरून तिने पुन्हा कान पिळला, या वेळी मुंगीच्या पावलांनी. आणि धुक्यातून आई वर येऊ लागली. आधी कपाळावरची बट, मग डोळे. आईचे हात घडी घालता घालता थांबले होते. मांडीवरच्या भिंगरीच्या फ्रॉकवरून ती उगाचच हात फिरवत होती.

आईकडे इतका वेळ टक लावून भिंगरीने कधी पाहिलंच नव्हतं. तिने बटण दाबलं.

"मिळाली?" आजोबांनी विचारलं.

"मिळाली." भिंगरीने कॅमेरा खाली घेतला आणि तिला कड्यावर एक लाल ठिपका दिसला. नळीवर कोरलेल्या रेघेच्या बरोबर समोर येऊन थांबलेला. "आजोबा, हा कसला?"

उत्तर आईने दिलं. "तुझ्या आजीच्या नेलपॉलिशचा. माझ्या लहानपणी बाबा भिंगाचा कान पिळेपर्यंत मी कट्ट्यावरून पसार व्हायचे. मग त्यांनी चौकटीपासून या कट्ट्यापर्यंतचा कान एकदाच पिळला आणि तिथे खूण करून ठेवली. मी टेकले रे टेकले की दाबायचं. बघायचीसुद्धा गरज नाही."

"पहिली भिंगरी तीच," आजोबा हसले. "तुला नाव वारशाने मिळालंय."

भिंगरी हसली नाही. तिने ठिपक्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. मग हात धरून तिने आजोबांना चौकटीपाशी आणलं, त्यांची पाठ लाकडाला टेकवली, कॅमेरा त्यांच्या हातांत दिला आणि धावत जाऊन कट्ट्यावर आईला खेटून बसली.

"आजोबा, कान ठिपक्यावर आहे. तुम्ही नुसतं दाबा."

आजोबांची बोटं कड्यावरून हलकेच फिरली, ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरून फिरावीत तशी.

"आणि तू हललीस तर?" कॅमेरा डोळ्यापर्यंत नेत त्यांनी विचारलं.

भिंगरीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, श्वास रोखला, आणि पापणीसुद्धा न हलवता बसून राहिली.