मनालीच्या हळदीचा धवला

"वहिनी, आवाज वाढव ना," मनाली म्हणाली.

आवाज आधीच पूर्ण वाढवलेला होता. मोबाइलवर सासूबाईंचे ओठ हलत होते, हात तांदळावरून फिरत होता. ऐकू काहीच येत नव्हतं.

मनाली माझी नणंद. तिची हळद पंधरा दिवसांवर आलेली. आमच्याकडे धवलारणीने धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि रेवदंड्यापासून किहीमपर्यंत कितीतरी मुलींना सासूबाईंच्या धवल्याने हळद लागली. गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आवाजही गेला. उरली कुजबुज. दुसरी धवलारीण मनालीला नको होती. तिला आईचाच आवाज हवा होता, आणि तो फक्त माझ्या चॅनेलवरच्या या व्हिडिओत उरला होता. ज्या फोनवर मी तो रेकॉर्ड केला, तो केव्हाच बंद पडला.

साहिलला बोलावलं. रितेशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. अलिबागला वकिली शिकतो.

"कॉपीराइट," तो फोन बघून म्हणाला. "कुणीतरी मावशीला लग्नात रेकॉर्ड केलं, खाली बीट टाकला आणि गाण्यांच्या कंपनीला विकलं. आता मशीनला तुमचाच व्हिडिओ चोरीचा वाटतो, म्हणून त्याने आवाज बंद केला."

"तिचाच आवाज आणि चोर पण तीच? भारी आहे," रितेश म्हणाला.

"हरकत घेता येते. दोनच पर्याय आहेत. ही माझी स्वतःची निर्मिती आहे, नाहीतर मालकाची परवानगी आहे. पहिल्यावर टिक कर वहिनी, आठ दिवसांत सुटेल."

सासूबाई पाय पसरून माझ्या लेकीला तेल लावत होत्या. त्या बोलायला लागल्या की आम्ही सगळे गप्प होतो, नाहीतर ऐकूच येत नाही.

"माजा न्हाय त्यो."

"मावशी, गायलीस तूच ना?"

"गायली मी. केला न्हाय. माजे आत्येनं मना दिला. तिला कोनी दिला, ठावं न्हाय."

"अगं, कोण बघायला येतंय?"

"धवल्याला बसले की पयला आत्येचा नाव घेते मी. आनि पोरीचे हलदीला सांगू, माजा हाय?"

साहिलने डोकं खाजवलं. "कायद्यात गाणाऱ्यालाही हक्क आहे. पण कोर्टात जाऊन मिळेपर्यंत मनालीची पोरं कॉलेजला जातील. डिजिटल जमान्यासाठी कायदा बदला, म्हणून आमच्याकडे सेमिनारवर सेमिनार चाललेत."

"त्यात तिसरा पर्याय येणार का?" मी विचारलं. "मला दिला, मी पुढे दिला, असा?"

"मग मालक कुणाला धरायचं? तिथेच सगळे अडतात, वहिनी."

दुपारी लेक झोपल्यावर मी हरकतीचं ते पान उघडलं. तिचा श्वास नीट चाललाय ना, हे दोनदा पाहिलं. मला सगळ्याचीच भीती वाटते. एका टिकने कुणाचं काय बिघडणार होतं? सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वळून पाहिलं असतं तर मी वाद घातला असता. त्यांनी पाहिलं नाही. मी टिक केली नाही. गाण्यांच्या त्या कंपनीलाच सगळं खरं कळवलं. लगेच उत्तर आलं, मालकीचा पुरावा जोडा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर.

हळदीच्या दिवशी डीजेवाल्याने नेमकं तेच गाणं लावलं. सासूबाईंचा आवाज, खाली धडधड, मध्येच भोंगा. बायका नाचायला उठल्या.

"बंद करा ते," पाटावरून मनाली म्हणाली. "आईला एक ओळ धड पुरी करू देत नाहीत."

गाणं थांबलं. आता काय, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. सासूबाई उठल्या, लुगडं सावरून लेकीसमोर बसल्या. सुपातले तांदूळ सारखे केले, नारळ ठेवला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागल्या.

मी लेकीला कडेवर घेऊन जवळच उभी होते. मलाही फक्त श्वास ऐकू येत होता. मागच्यांना तेवढाही येत नसणार. आईच्या ओठांवरची नजर मनालीने काढली नाही. डीजेवाला बटणावर बोट ठेवून थांबला होता. हळदीच्या वाट्या घेतलेल्या बायका अवघडल्या, त्यांनी हात बदलले. पण हळदीत कुणी बोट बुडवलं नाही. धवला अजून संपला नव्हता.