सातव्या थराखाली

रंगाच्या त्या टवक्यात सात थर होते. जहाजांचे पत्रे तपासणाऱ्या डोरीनने विजेरी जवळ आणून पुन्हा मोजले – वरचे दोन पांढरे, सरकारी खात्याचे. खालचे पाच करडे, नौदलाचे. तिच्या गुडघ्याचा धक्का लागून तो भिंतीवरून सुटला होता, अकराव्या खुणेपाशी. मायक्रोमीटरमध्ये धरला तर १.३ मिलिमीटर जाड भरला… नखाएवढा टवका, आणि तो हातात घेऊन ती किती वेळ नुसती बसून राहिली होती, हे तिचं तिलाच कळलं नाही.

बर्फ फोडणाऱ्या ‘नॅचवॅक’ जहाजाच्या नाळेतली, अगदी पुढच्या टोकाची, ही रिकामी टाकी. बाहेरच्या बाजूला, पत्र्याला लागून, सेंट जॉन्सच्या बंदराचं पाणी. खडूने काढलेली चौदा वर्तुळं, त्यातली दहा मोजून झालेली – यंत्र टेकवायचं, आवाज पत्र्यातून जाऊन परत येईपर्यंतचा वेळ ते मोजतं, जाडी सांगतं. रंगावरूनच टेकवलं होतं तिने, गेल्या जूनसारखं. आणि आवाज रंगातून पोलादाच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो, हे तिला विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. यंत्राला रंग कळत नाही, फक्त उशीर कळतो; उशीर झाला म्हणजे पत्रा जाड, असं ते धरून चालतं. रंगाच्या १.३ मिलिमीटरचे यंत्रात ३.२ होतात. गेल्या वर्षीचा अकरावा आकडा २६.४. किमान मर्यादा २४. खाली तिचीच सही – डी. पार्डी.

नाही, मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही… मला इतकंच वाटलं होतं, की रंग म्हणजे असून असून किती असणार.

“खरवडायचं नाही हं, पोरी,” मुख्य इंजिनिअर सेल्बी राइडआउट गेल्या जूनमध्ये टाकीच्या वरच्या याच भोकातून वाकून म्हणाला होता. “हा रंग मी मारलाय, नौदलात असताना. बर्फात अडकलो, की कप्तान सगळ्यांच्या हातात ब्रश द्यायचा. सत्तावन्न साली एकोणीस दिवस अडकलो, एकोणीस दिवस रंगच मारला!” नौदलाने जहाज सोडलं, सेल्बीने नौदल सोडलं, जहाज नाही. तिने खरवडलं नव्हतं. मग फेब्रुवारीत त्रेचाळीस माणसांना घेऊन ‘नॅचवॅक’ आखातातल्या बर्फावर सहा तास धडका देत होतं, ते रेडिओवर ऐकत ती घरी आईसमोर खारा मासा खात होती – आणि अभिमानाने म्हणालीही होती, की त्याचा पत्रा मी तपासलाय.

“झोपलीस काय गं आत?” वरून सेल्बीचा आवाज आला. “चहाचं पाणी झालं!”

“चार राहिलेत.”

“गेल्या वर्षीचेच येणार. पोलाद आहे ते, उंदीर खात नाहीत त्याला. लिही नि ये वर. पाचला दोर सोडायचेत. वर उत्तरेला नेन गावातल्या लोकांचं तेल संपत आलंय, टँकर आपण फोडलेल्या बर्फातून मागे यायचाय.”

आकडा मर्यादेखाली आला तर दोर सुटणार नाहीत, आणि नेनमध्ये आठवडाभर चुली थंड. आणि बत्तीस वर्षांच्या जहाजाला नवा पत्रा कोण घालतंय… भंगारात, सरळ भंगारात.

“सेल्बीकाका, खरवडणी द्या जरा.”

सेल्बी भोकाशी वाकला.

“मागे काय सांगितलं होतं मी?”

“आठवतंय.”

“तो रंग माझा आहे, पोरी.”

“माहीत आहे, काका. द्या.”

बऱ्याच वेळाने खरवडणी खाली आली, मूठ तिच्याकडे करून. सेल्बी गेला नाही. भोकाशी त्याचे जाड बूट तसेच दिसत राहिले.

पांढरा निघाला. मग करडा, करडा… पूड ओठांवर बसत होती. आकडा लिहिला तर गेल्या वर्षीचाही त्याच्याशेजारी येईल, माझ्या सहीसकट. कुणीही विचारेल, एका हिवाळ्यात एवढा पत्रा झिजला कसा? टवका तिने वहीच्या पानावर ठेवला. सातवा थर निघाला आणि काळसर पोलाद उघडं पडलं, नाण्याएवढं. आवाज नीट आत जावा म्हणून तिने त्यावर जेलीचा थेंब ठेवला, यंत्र टेकवलं. उचलून पुन्हा टेकवलं. तिसऱ्यांदाही तेच.

२३.१.