नदीकाठच्या कठड्यापाशी थांबलेली पेटी

मित्रांनो, माझ्या अंगावरचा निळा रंग आता अर्धाअधिक उडाला आहे. झाकणाचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. तरी मला ओळखणं अवघड नाही. माझ्या पोटाशी बोटभर उंचीची एक आडवी फट आहे, तेच माझं दार. मी मधमाश्यांची पेटी आहे.

दूर पूर्वेकडच्या एका देशात, नाकदोंग नदीच्या काठी छांगन्यंग नावाचं गाव आहे. तिथल्या एका सुताराने मला पाइनच्या फळ्यांतून घडवलं. चिलबोक आजोबा तेव्हा तरुण होते. त्यांनी मला घरी आणलं आणि त्यांच्या बायकोने, मालसूनने, मला निळा रंग दिला. माशीला आपलं दार लांबून ओळखता यावं म्हणून रंग देतात. रंग देताना ती पुटपुटत होती, "लेकरं सुखरूप परत येऊ देत." तिला स्वतःला तेव्हा मूल नव्हतं. ती माश्यांविषयीच बोलत होती.

आमचं आयुष्य म्हणजे नदीकाठचा रस्ता. अकासियाच्या झाडांची पांढरी फुलं आधी खालच्या सपाटीवर फुलतात आणि मग हळूहळू वरच्या डोंगरांकडे सरकतात. नदी खाली येते आणि फुलं वर चढतात. आम्ही फुलांच्या मागे. ट्रकमध्ये एकमेकींना दोरीने बांधलेल्या आम्ही पेट्या, पुढे हे दोघं, आणि समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताचा डबा. एका मुक्कामावरची फुलं सरली की पुढचा मुक्काम. शेवटचा मुक्काम बोंगह्वाच्या उंच खोऱ्यात, जिथे नदी ओढ्याएवढी होते.

माझं कौतुक फार झालं. "हिच्यातला मध वेगळाच लागतो," असं आजोबा पाहुण्यांना सांगत. मग थर्मोकोलच्या पांढऱ्या, हलक्या पेट्या आल्या आणि मी गोठ्यामागे गेले. दोन हिवाळे माझ्यात सरपण होतं. मी काही म्हणू शकत नव्हते. पेटीला दार असतं, तोंड नसतं.

मग एका हिवाळ्यात गावोगावच्या माश्या नाहीशा झाल्या. मेलेल्याही सापडल्या नाहीत, पेट्या नुसत्या रिकाम्या. आजोबांच्या थोड्याच वसाहती उरल्या. का कोण जाणे, त्यांनी मला पुन्हा धुतलं, उन्हात वाळवलं आणि एक वसाहत माझ्यात ठेवली. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "हे शेवटचं वर्ष. बोंगह्वापर्यंत जाऊन येतो. मध भरला तर ठेवू, नाहीतर माश्या देऊन टाकू कुणाला." मालसून आजी बाजूला बसून कांद्याची पात निवडत होती. त्या दिवशी तिने पात निवडता निवडता चांगलीही टाकून दिली.

खालच्या मुक्कामांवर पावसाने फुलं झोडपली. आमच्या आतल्या पोळ्यांच्या चौकटी मधाविना हलक्याच राहिल्या. आता आशा होती ती बोंगह्वाची.

आता आमची एक अडचण तुम्हाला सांगायला हवी. प्रवासात पेटीचं दार बंद करावं लागतं. वर जाळी असते, गाडी धावते तोवर वारा लागतो. पण दार बंद असलेली गाडी उन्हात उभी राहिली की माश्या घाबरतात, एकदम पंख हलवू लागतात आणि आतली उष्णता इतकी वाढते की मेण मऊ पडतं. म्हणून आम्ही अंधारात निघतो आणि ऊन चढायच्या आत पोचतो.

बोंगह्वाला निघायच्या आदल्या संध्याकाळी माश्या पावसात अडकल्या आणि फार उशिरा घरी आल्या. आजीने शेवटच्या माशीपर्यंत दार लावू दिलं नाही. निघायला पहाट झाली. आणि पहाटे आजीचा नेम असे. नदीचं पहिलं पाणी वाटीत घ्यायचं, उंच दगडावर ठेवायचं आणि आमच्याकडच्या रीतीने तळहात एकमेकांवर चोळत सगळ्यांसाठी मागणं मागायचं. इतक्या वर्षांत तो नेम एकदाही चुकला नव्हता.

"आज गाडीतूनच हात जोड की," आजोबा म्हणाले.

"पाणी नको का ताजं?"

"नदी काय पळून चाललीय?"

"पळतेच आहे ती. तुम्ही थांबवा गाडी."

आजोबांनी गाडी थांबवली. फार वेळ गेला नाही. पण पुढे रस्ता अरुंद होतो, एकीकडे कडा आणि दुसरीकडे नदीवरचा लोखंडी कठडा. तिथे आम्ही पोचलो तेव्हा पिवळं जाकीट घातलेली एक बाई रस्त्यावर आडवी दोरी बांधत होती.

"आजोबा, इंजिन बंद करा. सायकलींची शर्यत आहे."

"किती वेळ?"

"शेवटचा जाईपर्यंत."

"शेवटच्याला सायकल येते ना चालवता?"

"शेवटच्या घोळक्यात माझा नवराच आहे," बाई म्हणाली. "म्हणून सांगते, वेळ लागेल."

आजोबा हसले. मग त्यांनी मागे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. आमच्यामागे गाड्यांची रांग लागली होती. वळायला जागा नव्हती.

ऊन कड्यावरून खाली उतरलं. मित्रांनो, माझ्या पोटात हजारो जीव एकदम थरथरू लागले. माझ्या फळ्या तापल्या. एका चौकटीवरचं मेण ओघळलं. मला एक फट उघडायची होती, एवढंच. ते मला जमत नव्हतं.

"बाई, दारं उघडू द्या," आजी खाली उतरून म्हणाली. "मरतील सगळ्या."

"आणि सायकलवाल्यांना चावल्या तर? या वेगात एक जरी पडला तर थेट नदीत." बाईने रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा पेट्यांकडे पाहिलं. "मावशी, मी काय करू, सांगा."

तिने खेळाडूंसाठी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणल्या आणि स्वतः आमच्या जाळ्यांवर ओतू लागली. आजीही ओतत होती. पाणी लगेच कोमट व्हायचं. सायकली सूं करत जात होत्या. शेवटी घोळका पांगला, मागून येणारे थोडे राहिले, तेव्हा बाईने नदीकडे तोंड फिरवलं. "मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली.

आजोबांनी दारं उघडली. धूर निघावा तशा माश्या बाहेर पडल्या. त्या कुणाला चावल्या नाहीत. कठड्यावर, दगडांवर, पाण्याच्या कडेला जाऊन बसल्या. मला वाटलं, वाचलो.

मग दोरी सुटली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. आजोबा प्रत्येक गाडीपाशी जाऊन वाकून सांगत होते की या माश्या संध्याकाळपर्यंत पेटीत परत येणार नाहीत, थोडं थांबू द्या. एका गाडीत आजारी माणूस होता. कुणाला किती थांबवणार? आम्ही निघालो. माझ्या माश्या कठड्यावर तशाच होत्या आणि माझं दार उघडंच होतं.

गाडीत आजोबांची नजर सारखी आरशात जात होती.

"बोला ना काहीतरी," आजी म्हणाली.

"काय बोलू? नदीपाशी तू चप्पल काढत होतीस तेव्हा वाटी मीच धरली होती ना. उशीर दोघांनी केला."

बोंगह्वाला पोचलो. मित्रांनो, असा बहर मी जन्मात पाहिला नव्हता. खोरंभर पांढरे घोस, वाऱ्यालाही गोडी. आणि आमच्यात उरल्या होत्या राण्या आणि कोवळ्या माश्या, ज्यांना अजून फुलाची वाटही ठाऊक नव्हती. फुलं माझ्या झाकणावर टपटप पडत राहिली. आजीने एक घोस हातात घेतला, हुंगला आणि खाली ठेवला.

माझ्यातल्या थोड्या माश्या आजोबांनी शेजारच्या पेटीत मिसळल्या. मी रिकामी झाले. ऊन कलायच्या आत त्यांनी मला एकटीलाच ट्रकमध्ये ठेवलं आणि मागे राहिलेल्या माश्या आणायला दोघं मला घेऊन त्या कठड्याकडे परत निघाले.

कठडा ओला होता. उग्र औषधाचा वास येत होता. कुणीतरी फवारून गेलं होतं. तिथून शाळेतली मुलं जातात, कुणी घाबरलं असेल. खाली रस्त्यावर माश्या पडल्या होत्या, वाळलेल्या चहाच्या पत्तीसारख्या. आजी तिथेच बसली आणि त्यांना हाताने कडेला सारू लागली, गाड्यांच्या चाकांखाली येऊ नयेत म्हणून.

आजोबांनी मला कठड्यापाशी ठेवलं. कुठून कुठून थोड्या माश्या आल्या, मूठभरसुद्धा नाहीत. माझ्या निळ्या रंगावर बसल्या आणि एकेक आत शिरल्या.

"लावू दार?" आजोबांनी विचारलं.

"अजून थोडं," आजी म्हणाली.

मूठभर माश्यांनी वसाहत होत नाही, हे त्या दोघांनाही माहीत होतं. उरलेल्या माश्या त्यांनी पुढे खोऱ्यातल्या एका मधपाळाला देऊन टाकल्या. त्यांच्याबरोबर मलाही दिलं, आता मी त्याच्या पडवीत आहे.

मित्रांनो, तुम्हाला कधी खांबावर, फांदीवर, कठड्यावर माश्यांचा घोळका दिसला तर लांब उभे राहा. दगड मारू नका, औषध मारायला कुणाला लगेच बोलावू नका. मधपाळाला कळवा. त्यांचं घर कदाचित कुणीतरी उचलून नेलेलं असेल, आणि ते परत घेऊन येणारं माणूस वाटेत असेल. अंधार पडेपर्यंत त्याला वेळ द्या.