बोकड हसत नाही

पिंपळीच्या शाळेत मनिषाचा बोकड सपशेल तोंडघशी पडला. सात महिने खपून केलेली दहा मिनिटांची कार्टून फिल्म, समोर चौथी-पाचवीची नव्वद पोरं, आणि जिथं हशानं पत्रे हलायला हवे होते नेमक्या त्या जागी एका पोरीनं शेजारणीला विचारलं की खिचडी कधी मिळणार. मनिषानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. नंतर टाळ्या पडल्या, पण त्या गुरुजींनी खूण केल्यावर पडतात तशा.

फिल्म एका दूध संघानं करून घेतली होती. संघाला पन्नास वर्षं होत होती आणि स्वच्छ दुधाचे धडे शाळाशाळांतून दाखवायचे होते. बाकी सगळी फिल्म अध्यक्ष आप्पासाहेबांना पसंत होती. अडलं होतं ते एका प्रसंगावर. त्यात जाकीट घातलेला एक पुढारी गोठ्यात उभा राहून स्वच्छतेवर लांबलचक भाषण ठोकतो आणि बोलता बोलता मळका हात दुधाच्या कॅनमध्ये बुडवतो. मागं बांधलेला बोकड रवंथ थांबवून सरळ आपल्याकडं, म्हणजे बघणाऱ्यांकडं बघतो, दात काढून हसतो आणि ढेकर देतो. जाकीट आप्पासाहेबांच्या जाकिटासारखं होतं. मुद्दामच तसं काढलं होतं, त्यामुळं मनिषाला नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

आप्पासाहेब काही कुणी परके नव्हेत. संघात जाण्याआधी ते प्राथमिक शिक्षक होते आणि अंथुर्ण्याच्या शाळेत त्यांनीच मनिषाला बाराखडी शिकवली होती. त्यामुळं ती त्यांना अजून गुरुजी म्हणायची आणि ते तिला मने. दोघांनी भांडून भांडून एक तोड काढली होती. प्रसंग पोरांना दाखवायचा. पोरं हसली तर राहील, नाही हसली तर कापायचा.

"पोरांनीच निकाल दिला, मने," आप्पासाहेब शाळेच्या पायरीवर चपला घालताना म्हणाले. आवाजात जिंकल्याचा तोरा नव्हता, आणि मनिषाला त्याचाच जास्त राग आला.

तिनं मान तुकवली नाही. पुढच्या शनिवारी याच शाळेत, याच पोरांपुढं पुन्हा दाखवते म्हणाली. नवी पोरं नकोत, हीच हवीत. आप्पासाहेबांनी थोडा विचार केला आणि एकच अट घातली. त्यानंतर वाद घालायचा नाही.

आता एवढ्याशा प्रसंगासाठी ही बाई हटून का बसली, ते सांगायला हवं. मनिषा आठ वर्षांची असताना दर रविवारी सकाळी टीव्हीवर 'ढेकऱ्या' नावाचं कार्टून लागायचं. सात मिनिटांचं. ढेकऱ्या नावाचा एक बोकड आणि त्याच्यासमोर दर रविवारी कुणीतरी मोठा माणूस उपदेश करायला उभा. कधी मास्तर, कधी साहेब, कधी महाराज. माणूस बोलत सुटायचा, ढेकऱ्या रवंथ करायचा, मग थांबायचा, आपल्याकडं बघायचा आणि ढेकर द्यायचा. एवढंच. पण गावोगाव पोरं प्रार्थनेत ढेकर द्यायला लागली, पालकांनी पत्रं धाडली, आणि दोनेक वर्षांत कार्टून बंद पडलं. ज्यांनी ते काढलं त्यांची नावं शेवटी इतक्या भरकन जायची की कुणाच्याच लक्षात राहिली नाहीत.

बोकड मात्र गेला नाही. ती पोरं मोठी झाली, त्यातली काही चित्रं हलवायच्या धंद्यात आली, आणि जिथं तिथं तोच बोकड वेगळ्या कातड्यात दिसायला लागला. बँकेच्या जाहिरातीतली खार मध्येच थांबून आपल्याकडं बघते आणि दात दाखवते. मुळाक्षरांच्या गाण्यातला हत्ती थांबतो आणि डोळा मारतो. मोबाइलवर सकाळी सकाळी येणारी ती सुप्रभातवाली म्हैससुद्धा थांबून खी खी करते. मनिषाला हे सगळे ढेकऱ्याचे वंशज ओळखता यायचे. आपणही त्याच घरातल्या, असं ती उघड सांगायची. मोठ्या माणसासमोर न घाबरता बघता येतं, हे तिला त्या बोकडानं शिकवलं होतं. तो प्रसंग कापणं म्हणजे ते शिकलेलं परत करणं होतं, आणि ते ती करणार नव्हती.

भिगवण रस्त्यावर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. मनिषा चित्रं काढायची आणि तिचा भागीदार, वडगाव निंबाळकरचा दीपक, आवाज आणि जुळवाजुळव बघायचा. दीपकचं म्हणणं पडलं की हसू अजून मोठं करावं, ढेकर अजून दणदणीत घालावा आणि मागं पिपाणी वाजवावी. मनिषानं त्याला आठवण करून दिली की हसू आधीच कानापर्यंत पोचलंय, ढेकर तर शेजारच्या वर्गापर्यंत गेला होता, आणि तरी पोरांना खिचडीच आठवली. मग ती टॅबलेट पिशवीत टाकून एसटीनं अंथुर्ण्याला घरी गेली. डोकं चालेना झालं की ती तेच करायची.

तिचे आजोबा गेणूआबा ऐंशीच्या पुढं गेले होते. उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं रानोमाळ काढलेली. आता घरची शेती पोरं बघायची, आणि मेंढरं गेली तरी आबांनी चार शेरडं आणि एक बोकड हट्टानं ठेवला होता. मनिषानं त्यांच्यापुढं टॅबलेट धरला. हसतील म्हणून नव्हे, नुसतं दाखवायचं म्हणून. आबांनी प्रसंग एकदा बघितला आणि परत लावायला सांगितलं.

"ह्याला वरचं दात कुणी बसिवलं?" आबांनी विचारलं.

मनिषाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. बोकडाला वरच्या जबड्यात पुढं दात नसतात. हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तीन पिढ्या मेंढरांत वाढलेल्या घरातल्या पोरीनं बोकडाला माणसाची बत्तिशी लावली होती, सात महिने ती रंगवली होती, आणि तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

तिनं बाजू सावरायचा प्रयत्न केला. टीव्हीवरचा तो जुना बोकड तसाच हसायचा, असं ती म्हणाली.

"मंग त्यो बोकड न्हवता. माणूस हुता," आबा म्हणाले आणि विडी शोधायला लागले.

हे तिला झोंबलं. आबांना खोटं पाडायचं म्हणून तिनं तिथूनच दीपकला फोन लावला आणि ढेकऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग कुठूनही शोध म्हणून मागं लागली. दीपकनं दुसऱ्या दिवशी दुपारी एक धाडलं. कुणीतरी घरच्या कॅसेटवर धरून ठेवलेलं, मुंग्या मुंग्या झालेलं. मनिषा ओट्यावर बसून ते बघायला लागली. एकदा, चारदा, दहादा.

ढेकऱ्या हसत नव्हता.

कधीच नाही. दात नाहीत, डोळा मारणं नाही, भुवईसुद्धा हलत नव्हती. तो फक्त थांबून बघायचा. सत्तावीस वर्षं तिला त्याचं हसू जसंच्या तसं आठवत होतं, आणि ते हसू तिचं स्वतःचं होतं. हसत होती ती टीव्हीपुढं बसलेली आठ वर्षांची पोर. तिनं ते बोकडाच्या तोंडावर नेऊन चिकटवलं होतं. खारवाल्यानं तेच केलं, हत्तीवाल्यानंही तेच. बोकडच आधी हसून मोकळा झाला तर पोरांना हसायला काय उरणार, असं तिच्या मनात आलं आणि ती स्वतःवरच चिडली.

पण एक गोष्ट अजून सुटत नव्हती. ते थांबणं भलतंच लांब होतं. मोजलं तर पाच सेकंद भरली, आणि तिच्या फिल्ममधला बोकड जेमतेम एक सेकंद थांबत होता. नुसतं थांबून पाच सेकंद कोण बघत राहील? तिनं आबांना विचारलं. आबांनी गोठ्याकडं बोट केलं.

ती बोकडासमोर पोतं टाकून बसली. बोकड रवंथ करत होता. जबडा आडवा फिरत होता, पन्नासेक वेळा फिरला. मग घास गळ्यातून खाली उतरताना तिला स्पष्ट दिसला आणि जबडा थांबला. बोकडानं तिच्याकडं बघितलं. तिला काय वाटतंय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. मग गळ्यातून नवा घास वर आला आणि जबडा पुन्हा फिरायला लागला. मोबाइलवर तिनं मोजलं. कधी चार सेकंद, कधी सहा, बहुतेक वेळा पाच.

"खालचा घास गेला, वरचा आजून आला न्हाय," मागं उभे असलेले आबा म्हणाले. "तवर त्याला कुनाचीच पर्वा नसतीया. पाटील येऊ दे न्हायतर फौजदार."

ज्या कुणी माणसानं ढेकऱ्या काढला होता तो असाच कुठल्यातरी गोठ्यात पोतं टाकून बसला असणार. मनिषाला त्या अनोळखी माणसाविषयी एकदम जवळीक वाटली आणि डोळे भरून आले. मग तिनं नाक पुसलं आणि कामाला लागली.

एका सेकंदाला बारा चित्रं, असा तिचा हिशोब. तीन दिवसांत तिनं जुना बोकड पार पुसला आणि नवा काढला. वरचे दात गेले. हसू गेलं. घास गळ्यातून उतरताना काढायला एक अख्खा दिवस लागला. पाच सेकंदांचं थांबणं बघून दीपक हवालदिल झाला. आजकालची पोरं दोन सेकंदांत अंगठ्यानं चित्र उडवतात, असं त्याचं म्हणणं होतं. मनिषानं एक चित्रही कमी केलं नाही. उलट दीपकनं मध्येच घालून ठेवलेला पिपाणीचा आवाज काढायला लावला.

शनिवारी पिंपळीला तीच नव्वद पोरं बसली होती, आणि आधी बघितलेलंच पुन्हा म्हणून कंटाळलेली. आप्पासाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, जाकीट घालून. पडद्यावर पुढारी बोलायला लागला. बोकडाचा जबडा फिरला, घास उतरला आणि सगळं थांबलं. एक सेकंद गेला. दुसरा गेला. दीपकनं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या सेकंदाला मागून एक पोरगी फिसकन हसली. बोकड बघतच होता. मग ते हसू सतरंजीवरनं पुढं सरकत आलं, आणि पडद्यावर काहीही घडत नसताना नव्वद पोरं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. ढेकर वाजला तो कुणाला ऐकूसुद्धा गेला नाही.

फिल्म संपल्यावर आप्पासाहेब दोन शब्द बोलायला उठले. ते 'बालमित्रांनो' म्हणाले मात्र, आणि नव्वद तोंडं एकदम थांबली. कुणी हसेना, कुणी हलेना. सगळी त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. वर्गशिक्षक डोळे वटारून पुढं निघाले, पण आप्पासाहेबांनी त्यांना हातानं अडवलं, पोरांना खिचडीला जा म्हणून सांगितलं आणि खाली बसले.

व्हरांड्यात ते मनिषाजवळ आले.

"ठेव तो बोकड," ते म्हणाले. "शब्द म्हंजे शब्द. जाकीट तेवढं बदल. शर्ट घाल त्याला साधा."

मनिषाला हो म्हणून मोकळं होता आलं असतं. काम पदरात पडलं होतं, आणि गुरुजींनी मोठ्या मनानं हार मानली होती.

"न्हाय गुरुजी," ती म्हणाली. "जाकीट दिसलं की पोरांना कळतं, आता भाषण लांबणार. जाकीट ऱ्हाईल."

आप्पासाहेबांनी आवंढा गिळला. चेहऱ्यावरची रेघसुद्धा न हलवता ते तिच्याकडं बघत उभे राहिले. रागावले म्हणावं तर राग दिसेना, मानलं म्हणावं तर तेही दिसेना. मनिषानं नजर खाली घेतली नाही, मनातल्या मनात मोजत राहिली. एक. दोन. तीन. चार.

पाचाला तिला हसू फुटलं. आप्पासाहेबांचा चेहरा तसाच होता.