बेलच्या शेजारी

वाळत ठेवलेल्या भांड्यांतून एक चमचा घसरला आणि सिंकमध्ये खणकन पडला. मी श्वास रोखून मुलीकडे पाहिलं. ढमीने एक डोळा उघडला, मी जागेवरच आहे याची खात्री करून घेतली आणि कूस बदलली. तिची दुपारची झोप हेच माझं ऑफिस. ती झोपली की लॅपटॉप उघडायचा, उठली की मिटायचा. मधल्या वेळात मी नोकरी करते, असा कंपनीचा समज आहे.

एवढ्यात दादाचा फोन आला. माझा भाऊ फोनवर सभेत बोलल्यासारखा बोलतो, म्हणून त्याचं नाव दिसलं की मी आधी आवाज कमी करते.

"चार वाजता डॉक्टरांनी बोलावलंय," तो म्हणाला. "आत्याला वरच्या मजल्यावर हलवायचं म्हणतायत."

आमची आई लवकर गेली. आम्हा दोघांना वाढवलं ते आत्याने. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती वृद्धाश्रमात राहते. तिथला वरचा मजला ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही त्यांच्यासाठी आहे. त्या खोल्यांची दारं फक्त बाहेरून उघडतात.

"पण का?"

"म्हणते, रात्री बेल वाजवते आणि कुणी येत नाही. रात्रीच्या सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये तिची एकही बेल नाही. एकही. डॉक्टर म्हणतात, भास आहेत. अशा माणसाला एकटं ठेवणं बरं नव्हे."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? तुमच्याच कंपनीचा तर आहे."

तेही खरंच. आश्रमातले दिवे, पंखे, बेल, सगळं आमच्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर चालतं. घरचं काम आहे, लक्ष राहील, म्हणून आश्रम मीच सुचवला होता.

"चारच्या आधी काही सांगू नकोस त्यांना," मी म्हटलं.

"मी कधी काही सांगतो?" असं म्हणून दादाने फोन ठेवला.

मी आत्याची खोली उघडली. म्हणजे प्रोग्रॅममधली. तिथे प्रत्येक खोली ही एक वस्तू असते. खोलीच्या आत बेल, बेलच्या आत पत्ता: रात्री ही बेल कुठल्या टेबलावर वाजायची, तो. दिवसा सगळ्या बेल मुख्य दाराजवळच्या काउंटरवर वाजतात, रात्री त्या त्या बाजूच्या टेबलावर, जिथे सिस्टर बसलेल्या असतात. मध्यंतरी आश्रमाची पुढची बाजू रंगवायला काढली आणि आत्याला मागच्या बाजूला हलवलं. तेव्हा तिच्या बेलचा पत्ता बदलला गेला. पडद्यावर दिसतही होतं: पत्ता, मागची बाजू. सगळं जिथल्या तिथे. इतकं जिथल्या तिथे की मला आत्याचाच संशय येऊ लागला, आणि याची मला फार लाज वाटली.

म्हणून मी खोलीला सांगितलं, तुझ्याकडे जे जे काही आहे ते सगळं मांड. तिने मांडलं. दिवा. पंखा. बेल. आणि त्याखाली, आगंतुक पाहुण्यासारखं, आणखी एक: 'बेल.पत्ता'. मधल्या ठिपक्यासकट. बेलच्या आत नव्हे, बेलच्या शेजारी. पडद्यावर दिसला होता तो पत्ता हाच.

आमची प्रोग्रॅमची भाषा फार भिडस्त आहे. एखादी कडक भाषा असती तर म्हणाली असती, 'बेल.पत्ता' नावाचं माझ्याकडे काही नाही, उगीच काहीतरी सांगू नका. ही तसं म्हणत नाही. ठिपका म्हणजे 'आत जा' हे तिला ठाऊक आहे, पण ते प्रोग्रॅममध्ये सरळ लिहिलं तर. तेच नाव चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिलं की ती ठिपक्यासकट सगळं एकच नाव समजते आणि त्या नावाची नवी वस्तू गुपचूप तयार करते. कपाटातल्या डब्यात गोळी ठेव म्हणावं, तर गोळी कपाटातच मोकळी ठेवून तिच्यावर 'डब्यातली गोळी' अशी पट्टी चिकटवावी, तसं.

बेल उघडली. आतला पत्ता अजून जुनाच होता. पुढची बाजू.

पत्ते बदलायचं हे काम मी रजेवर असताना ऑफिसातल्या माझ्या सरांनी स्वतः केलं होतं. मी त्यांना फोन लावला.

"ते ना? एका ओळीत बसवलंय," सर खुशीत म्हणाले. "बघितलंस का?"

"बघितलं. सर, पत्ता आत जात नाहीये."

"जातोय. मी तपासलंय. पत्ता टाकला, परत वाचला, बरोबर आला."

"ज्या नावाने टाकला त्याच नावाने वाचलात ना?"

"मग काय दुसऱ्याच्या नावाने वाचू?"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला, मग तो थांबला.

"अरेच्चा," सर म्हणाले. "पण आज शुक्रवार आहे. शुक्रवारी मी चालू सिस्टिमला हात लावत नाही. सोमवारी बघू."

"सर, सोमवारपर्यंत माझी आत्या वेडी ठरलेली असेल."

एवढ्यात ढमी उठली. उठली की ती रडत नाही, पण माझ्या मांडीवर हक्काने येऊन बसते, अगदी खुर्ची आपलीच असल्यासारखी. सर म्हणाले, "कोण आहे?" ढमी म्हणाली, "मी." सरांनी यावर बराच विचार केला असावा. "बरं, कर," ते म्हणाले. "पण आधी खात्री करून घे."

खात्रीसाठी मी आश्रमात सिस्टरना फोन केला. पुढच्या बाजूच्या टेबलापाशी जाऊन उभं राहा म्हटलं.

"ताई, तिकडे कुलूप आहे. रंगवाले आहेत आत."

"त्यांच्यात जाऊन उभ्या राहा. आणि आत्याला सांगा, बेल दाबत राहा."

मी प्रोग्रॅममध्ये त्या एका खोलीपुरती रात्र केली. फोनमधून कुलूप निघाल्याचा आवाज आला, मग शिडी सरकवल्याचा. मग बारीक, चिवट टिणटिण. थांबली. पुन्हा सुरू झाली.

"अगं बाई," सिस्टर म्हणाल्या.

मागून एक रंगवाला म्हणाला, "ते होय? टेबलावरचं ते रोज सकाळी आलो की लुकलुकत असतं. आम्ही फडकं टाकून ठेवलंय त्याच्यावर, रंग उडायला नको म्हणून."

बेल वाजत राहिली. आत्याला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

मग मी दुरुस्ती केली. नाव ठिपक्यापाशी तोडायचं. पहिल्या नावाने खोलीत शिरायचं, तिथून पुढचं दार, आणि शेवटच्या नावाच्या आधी थांबून, तिथे हातातली वस्तू ठेवायची. वाटेत एखादं दार नसेल तर नवीन बनवायचं नाही, मोठ्याने तक्रार करायची. सरांच्या एका ओळीच्या माझ्या सहा झाल्या. ढमीने मधेच एक बटण दाबून सात केल्या, ती मी पुसली. आत्याबरोबर आणखी एक आजोबा मागे हलवले गेले होते. त्यांचाही पत्ता नीट केला. त्यांनी मात्र आजवर बेल दाबलेली नव्हती. सिस्टर म्हणाल्या, कुणाला हाक मारणं त्यांच्या स्वभावात नाही.

चार वाजून गेल्यावर दादाचा फोन आला. या वेळी आवाज कमी करावा लागला नाही.

"सिस्टरनी सगळं सांगितलं. राहू देतायत तिला आहे तिथेच," तो म्हणाला. "डॉक्टरांनी माफी मागितली. मी पण मागितली."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, ठीक आहे. तुझा सदरा चुरगळलाय म्हणाली. रोज वाजवायची गं ती. रंगाचे डबे आणि शिड्या ऐकत होत्या फक्त."

"हं."

"चल, ठेवतो," तो म्हणाला आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

ढमी माझ्या मांडीवर बसून सगळं ऐकत होती. तिला अर्धवट ऐकलेलं चालत नाही, म्हणून मी तिला पुन्हा नीट सांगितलं. आत्याआजी रात्री बेल वाजवायची. बेल चुकून दुसऱ्याच खोलीत वाजायची. तिथे कुणीच नसायचं. सगळ्यांना वाटलं, आत्याआजी वाजवतच नाही. मामालाही वाटलं. आता बेल बरोबर ठिकाणी वाजेल.

"तू केलीस बरोबर?"

"मी केली."

ढमीने मान डोलावली. लॅपटॉपचं झाकण तिने स्वतः मिटलं, हलक्या हाताने, मी मिटते तसं. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"पण आई, आत्याआजीला रात्री काय हवं होतं?"