निळ्या डब्यातली बिस्किटे

मित्रांनो, मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. अंगाने निळा, आणि झाकणावर सोनेरी अक्षरांत एका बड्या कंपनीचे नाव. त्यातली निम्मी अक्षरे आता बोटांनी पुसली गेली आहेत. एका कुशीला चांगला मोठा पोचा आहे. तरी स्वयंपाकघरातल्या फळीवर मी अजून ताठ बसतो. नाव मोठे असले की पोच्याकडे कोणी फारसे बघत नाही.

कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, रंगवून मला घडवले. आजोबांना बढती मिळाली त्या दिवशी त्यांनी मला घरी आणले. तेव्हा ते आजोबा नव्हते, आजीही आजी नव्हती, पण मी त्यांना तसेच म्हणतो. सकाळच्या चहाबरोबर माझ्यातली दोन बिस्किटे खाणे हा आजोबांचा नेम झाला. पाहुणे आले की माझ्या झाकणावर टिचकी मारून ते सांगत, "चांगलं-वाईट कळायला जीभ लागते. स्वस्तातलं बिस्किट मी तोंडात धरणार नाही."

पुढे मुलांची शिक्षणे आली आणि कंपनीची बिस्किटे महाग होत गेली. तशातच चौकापलीकडे एक स्वस्त दुकान उघडले. तिथे बराचसा माल दुकानाच्याच छापाचा होता. साधी पिवळी पाकिटे, ना चित्र, ना झगमगाट. आजोबांनी नाक मुरडले. "जे पाकिटावर खर्च करत नाहीत, ते आत काय घालणार?"

आजी मात्र पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचू लागली. तिथले मीठ आणि साखर तिला नेहमीच्यासारखीच वाटली. भांड्यांचा साबण पहिल्याच दिवशी नापास झाला. "याला फेस येईपर्यंत भांडी वाट बघून कंटाळतील," ती म्हणाली. मग तिने बिस्किटे घेतली. एक बिस्किट कानाजवळ मोडून ती आवाज ऐकायची आणि दुसरे चहात बुडवून बघायची. जे विरघळून तळाशी बसले, त्याला पुन्हा थारा नाही. शेवटी लोण्याचे एक साधे बिस्किट दोन्ही परीक्षांत पास झाले. ते खाऊन आजीने फळीवर माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातले आणि दुकानात नेले. पिवळे पाकीट विकत घेतले, बाहेरच्या बाकावर बसून माझ्यात रिकामे केले, आणि रिकामे पाकीट तिथेच टाकायला दिले. मी आपला पत्र्याचा, पण मला लाज वाटली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत झाली होती.

सकाळी आजोबांनी बिस्किट चहात बुडवले. आजी ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

"वा," आजोबा म्हणाले, "कंपनीने सुधारणा केलेली दिसते."

आजीने फडक्यात तोंड लपवले. त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही दोघे त्या बाकावर जात राहिलो. हा पोचाही तिथेच पडला, तिच्या हातून निसटलो तेव्हा. ती मला उचलून म्हणाली, "लागलं का रे?" माझी एवढी विचारपूस त्याआधी कोणी केली नव्हती.

मग एके वर्षी आजी गेली. मी रिकामा झालो आणि आजोबांचे खाणे तुटले. जेवायला बसत आणि चार घासांत उठत. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल दिसू लागली. सूनबाईचा जीव तुटायचा. निदान चहाबरोबर दोन बिस्किटे तरी पोटात जावीत म्हणून तिने माझ्यावरचे नाव वाचून त्याच कंपनीची महागडी बिस्किटे आणली.

आजोबांनी एक चावले आणि बशी बाजूला सारली. "ही ती नव्हेत."

"बाबा, डबा तोच, कंपनी तीच," मुलगा म्हणाला.

"मग माझी जीभच गेली," आजोबा हळूच म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. खरे काय ते एकट्या मला ठाऊक होते, आणि डब्याला झाकण असते, तोंड नसते.

कंपनीने जुनी चव बदलली असेल, कुठेतरी जुना माल मिळेल, असे वाटून सूनबाई मला घेऊन दुकाने पालथी घालू लागली. फिरत फिरत ती त्या स्वस्त दुकानात आली. गल्ल्यावरच्या बाईने मला हातात घेतले आणि पोच्यावरून बोट फिरवले.

"हा काकूंचा डबा. बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत त्या."

सूनबाईने सांगितले. ती बाई गल्ला सोडून आत गेली आणि एक पिवळे पाकीट घेऊन आली. "त्या हीच न्यायच्या. बाहेर बाकावर बसून भरायच्या. म्हणायच्या, आमच्या घरी एक मोठे परीक्षक आहेत, त्यांना पाकीट दिसता कामा नये."

सूनबाई त्याच बाकावर बसली. माझ्यात बिस्किटे भरताना ती हसतही होती आणि रडतही होती.

सकाळी आजोबांनी एक बिस्किट खाल्ले, मग दुसरे, आणि न मागता तिसऱ्याला हात घातला. "हीच ती. कुठे मिळाली गं?"

सूनबाईला खोटे बोलवेना. तिने रिकामे पाकीट त्यांच्यापुढे ठेवले आणि सारे सांगितले. आजोबांनी चष्मा लावून पाकीट दोन्ही बाजूंनी वाचले. मला धडकी भरली. या वयात त्यांना आपली फसवणूक झाली असे वाटले तर?

"म्हणजे जीभ शाबूत आहे माझी," ते म्हणाले, आणि एकदम हसू लागले. हसता हसता डोळे भरून आले. "मी इकडे पाहुण्यांना व्याख्यानं देतोय, आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी. मला वाटायचं, कामात आहे."

थोड्या वेळाने त्यांनी पाकीट परत केले. "हे टाकून दे. बिस्किटं डब्यातच ठेव, ती ठेवायची तशी."

आता आजोबा स्वतः मला पिशवीत घालून दुकानात नेतात. बाकावर बसतात, एक बिस्किट कानाजवळ मोडतात, मग बाकीची माझ्यात भरतात. बाकाची दुसरी बाजू मात्र मोकळी सोडतात.

मित्रांनो, वस्तूची पारख करताना तिच्या नावावर थोडा वेळ हात ठेवा आणि मग चव घ्या. आणि घरातला पोचा पडलेला डबा भंगारात देण्याआधी एकदा विचारा, हा रोज भरत कोण होते?