रेणुकाच्या छातीतलं कडं

मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे, मित्रांनो. बेळगावातल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात असते. तुमच्या कानांना ऐकू न येणारा आवाज अंगात पाठवायचा, तो परत आला की पडद्यावर चित्र काढायचं, एवढंच मला येतं. नवी होते तेव्हा हळदकुंकू वाहून माझी पूजा झाली होती. आता माझ्या वायरीला चिकटपट्ट्या आहेत.

गेल्या श्रावणात जांबोटीच्या जयाबाई त्यांच्या सहा वर्षांच्या रेणुकाला घेऊन आल्या. मुलीला घास गिळताना ठसका लागायचा, छाती घरघरायची.

"नाटकं लई हैत हिची," जयाबाई म्हणाल्या. "मऊ भात गुमान खाती. भाकरी बघितली की ठसका."

"मग काय करता?" डॉक्टर ऋचांनी विचारलं.

"आमच्यात ताटात टाकत न्हाईत. अन्नाचा शाप लागतोय. ताट पुसल्याबिगर उठूच देत न्हाय मी."

"पाण्यासंगं ढकलायचं मग," रेणुका हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या खांद्याखाली उशी सरकवली आणि गळ्याच्या खळगीत थंड जेल लावलं. गुदगुल्या होऊन ती हसली. मी आवाज पाठवला. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी एक कमान करून वळते. रेणुकाच्या छातीत दोन कमानी होत्या, आणि श्वासनळी, अन्ननलिका दोन्हींभोवती त्यांचं कडं झालं होतं.

"घास इथं अडकतो," डॉक्टर म्हणाल्या. "सीटी स्कॅननं खात्री करू. ऑपरेशन करून हे सोडवता येतं."

जयाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे पोर खरं सांगत होती. आणि मी गुरुवारचा निवद दाखवून, देवापुढं बसवून, भाकरी कोंबली हिच्या तोंडात."

"जन्मापासूनचं आहे हे, आक्का. तुमच्यामुळं झालेलं नाही."

"झालं नसंल. कोंबली मीच की."

मित्रांनो, आतलं व्यंग दाखवणं हे माझं काम. पण त्या क्षणी मी त्या माउलीचीच चूक उजेडात मांडली, असं मला वाटलं. पडदा विझावा, असं मनात आलं. लगेच त्याचीही लाज वाटली. तो विझला असता, तर त्या लेकराचं काय झालं असतं?

जेल पुसून घेत रेणुकानं विचारलं, "आई, आता ताटात राहिलं तर?"

"राहू दे गं," जयाबाई म्हणाल्या. "तेवढं मी खाईन."

अन्न टाकू नये, हे खरंच आहे, मित्रांनो. पण घास उतरत नाही असं घरातलं लेकरू म्हणालं, तर हातातला घास खाली ठेवा आणि आधी त्याचं ऐका. मला छातीच्या आतलं दिसतं, पण त्याला माझ्यापर्यंत तुम्हीच आणायचं असतं.